पाच फेऱ्यांवर एक

१ सप्टेंबर, सोमवार

सायकल पुन्हा रुसली. काल संध्याकाळी मागचं चाक दगडासारखं टणक होतं. आज सकाळी टोपी घालून बाहेर येतो, तर टायर पोतेरं होऊन पडलेला.

ही नवी वही सुरू करायचं निमित्त मात्र सायकल नाही. आमच्या पाळकांची पाठ धरली आहे. डॉक्टरांनी त्यांना महिनाभर उताणं पडायला सांगितलं, आणि त्यांनी बुधवारचा शास्त्राभ्यास माझ्या गळ्यात घातला. "तुम्ही वाचता छान," म्हणाले. वाचतो छान, हे खरं. शाळेत कविता म्हणायला गुरुजी मलाच उभं करत. खिडकीशी उभा राहून मी नदीची कविता म्हणायचो, तेव्हा शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा खोड्या थांबवायची. पण मोशेचं नियमशास्त्र म्हणजे नदीची कविता नव्हे. या महिन्याचा विषय आहे, दुसऱ्याचं नुकसान केलं तर काय करावं: कबुली आणि भरपाई. मी जन्मभर घरोघरी पाण्याच्या मीटरचे आकडे टिपत फिरलेला माणूस. कुणी किती पाणी वापरलं ते सांगता येतं, कुणी किती पाप केलं ते कसं सांगणार? म्हणून ही वही. अडेल ते इथं लिहायचं.

आज अडली ती सायकलच. त्यामुळे शुक्रवारच्या फेरीवर समाधान. काय फेरी होती ती! कालव्याच्या काठानं पुलापर्यंत गेलो, तोंडानं कविता चालू. चौकात दूधगाडीवाल्यानं अगदी कानाशी भोंगा वाजवला. डावीकडून कधी आला कळलंच नाही. खिडकीतून डोकं काढून काहीतरी ओरडलाही. ओळखीचा असावा. मी हात केला.

घरी येऊन सूनबाईला हे सांगितलं, तर ती हातातला धुण्याचा पिळा धरून तशीच उभी. "कुठल्या बाजूनं आला म्हणालात, बाबा?"

"डावीकडून."

 तिनं चहात दोनदा साखर घातली. आमचे चिरंजीव महिन्यातले तीन आठवडे कामासाठी परगावी असतात. पोरीला करमत नसेल.

३ सप्टेंबर, बुधवार

चर्चच्या मागच्या खोलीत सात-आठ जण जमलो. सूनबाईही आली. चष्म्याच्या दुकानातून सुटून धावतपळत, पण आली.

मी नियम सांगितला. ज्यानं दुसऱ्याचं काही घेतलं, दाबलं, किंवा सापडलेलं 'माझ्याकडे नाही' म्हणून नाकारलं, त्यानं आधी तोंडानं कबूल करायचं. मग घेतलेलं पुरतं परत करायचं. वर त्याचा पाचवा हिस्सा घालायचा. आणि हे सगळं, ज्याचं नुकसान झालं त्याच्याच हातात द्यायचं. परस्पर देवाकडे जाऊन भागत नाही. आधी शेजाऱ्याचं दार, मग वेदी.

आमच्या निवृत्त नर्सबाई पुढच्याच खुर्चीत असतात. त्या म्हणाल्या, "माझ्या सासूनं माझी वीस वर्षांची झोप घेतली. म्हणजे चोवीस वर्षांचं येणं आहे."

"त्या वर गेल्या ना, बाई?"

"मग जवळच्या नातेवाइकाला द्यायची असं आहे ना शास्त्रात? ते मीच. तुमचा वर्ग लांबला की इथंच वसूल करीन."

सगळे हसले. तेवढ्यात सूनबाईनं हात वर केला, शाळेतल्यासारखा. "बाबा, घेतलेली गोष्ट मोजता येण्यासारखी नसली तर? म्हणजे एखाद्याची सकाळ घेतली तर?"

मी थक्कच झालो. एखाद्याची सकाळ! किती सुंदर कल्पना! मला आमच्या वर्गातली उन्हाची तिरीप आठवली, गुरुजींच्या कोटावर पडायची ती. मी ती कविता म्हणायला लागलो. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग पुन्हा विचारलं, "आणि त्याच्या भल्यासाठीच घेतली असेल तर?"

मी म्हणालो, "नियमात 'घेतलं' एवढंच आहे. मीटरच्या वहीसारखं. आकड्याला रकाना असतो, कारणाला नसतो."

ती खाली बघत बसली. विचारी मुलगी आहे. तिच्या प्रश्नांनी वर्गाला रंगत आली.

६ सप्टेंबर, शनिवार

आज सायकल ढकलत हवालदाराकडे नेली. हा काही पोलिसातला नव्हे. गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या टपरीत सायकली दुरुस्त करतो. लोकांच्या चाकात हवा भरतो म्हणून हवालदार. हे नाव मीच ठेवलं, तीस वर्षं झाली. तो मला मीटर म्हणतो.

"ये मीटर. पुन्हा?"

"पुन्हा. बघ तिच्या पोटात काय दुखतंय."

त्यानं ट्यूब काढली, हवा भरली, घमेल्यातल्या पाण्यात बुडवून चहूअंगांनी फिरवली. आम्ही दोघं पाण्यात तोंड घातल्यासारखे वाकून बघत होतो. एक बुडबुडा येईल तर शपथ.

"ट्यूब ठणठणीत आहे," तो म्हणाला. मग व्हॉल्व्हकडे बघत राहिला. "नट अर्धा आटा सैल होता."

"मग तू नीट आवळला नसशील."

"मी आवळलेला नट सैल होत नाही, मीटर. करावा लागतो." एवढं बोलून त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मग उगाचच पान्यावरचं तेल पुसत बसला. शेजारचा इस्त्रीवाला म्हणाला, "भूत असेल." हवालदार म्हणाला, "असेल. घरचंच असेल."

मला त्याचा विनोद कळला नाही. येताना सायकलवरून आलो. वारा छान होता. कोपऱ्यावर एक बाई डावीकडून एकदम माझ्या पुढ्यात उगवल्या. हल्ली लोक फार अचानक येतात.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज माझ्या हातून भांडण झालं. लिहायला नको वाटतं, पण वही त्यासाठीच आहे.

मंगळवारी चाक बसलं. काल नवी ट्यूब घातली. आज सकाळी ती नवी ट्यूबही गारद, आणि नट पुन्हा अर्धा आटा सैल. चालत टपरीपर्यंत जाताना डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. या नटाला हात लावणारा जगात एकच माणूस आहे. आणि मी परत यावं असं वाटणाराही तोच.

टपरीवर चार माणसं होती. इस्त्रीवाला होता, चहा पिणारे होते. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "तूच नट सैल सोडतोस. गिऱ्हाईक परत यावं म्हणून. तीस वर्षं मी तुला मित्र समजलो आणि तू माझ्यावरच धंदा केलास."

 इस्त्रीवाल्याच्या हातातली इस्त्री कपड्यावर तशीच राहिली आणि करपल्याचा वास आला. हवालदारानं उलट उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं. तो तोंडाळ माणूस आहे, शिव्यांचा त्याच्याकडे साठा असतो. पण तो उठला, चाकात हवा भरली, नट आवळला, फडक्यानं पुसला.

"उद्यापासून दुसरा बघा, साहेब," म्हणाला.

साहेब! तीस वर्षांत पहिल्यांदा.

१४ सप्टेंबर, रविवार

सायकल दाराशी उभी आहे. चाकात हवा आहे की नाही तेही मी बघितलं नाही. जाऊन जायचं कुठं? फेरीचा शेवट टपरीवर व्हायचा. तिथं बसून शिळ्या बातम्या आणि ताज्या शिव्या ऐकायच्या, मग घर.

सूनबाई माझ्याशी फार जपून वागते आहे. उशी उन्हात टाकली, पायाशी स्टूल आणून ठेवलं. जेवताना विचारलं, "हवालदारकाका आले नाहीत हल्ली?"

"त्याचं नाव काढू नकोस."

तिचा घास हातातच राहिला. डोळे भरले. मी विचारलं, "दुकानात काही झालं का ग?" ती म्हणाली, "नाही." पण असं 'नाही' मी हजारदा ऐकलेलं आहे. मीटरवर दगड ठेवून आकडा लपवणारे लोक अगदी असंच 'नाही' म्हणायचे. नक्कीच तिच्या हातून कुणाच्या चष्म्याचं काही बिघडलं असणार. म्हणूनच बुधवारचे ते प्रश्न. तिच्या बोटांनाही परवा काळं लागलेलं होतं. भिंगांना लावायचं काही असेल.

बिचारी. मालकासमोर कबूल करायला घाबरत असेल. येत्या बुधवारी कबुलीवरच बोलतो. तिला धीर येईल.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज माझं बोलणं चांगलं झालं, असं सगळे म्हणाले. मी म्हणालो, कबुली आधी का? नुसतंच परत दिलं तर चालणार नाही का? नाही. नुसतं परत दिलं तर समोरच्याला वाटतं, माझीच वस्तू हरवली होती, सापडली. यात कुणाचा तरी हात होता हे त्याला कळत नाही. तो बिचारा उगाच आपल्या विसरभोळेपणाला दोष देत बसतो.

"किंवा दुसऱ्याच कुणाला तरी," नर्सबाई म्हणाल्या.

"अगदी बरोबर!"

सूनबाईनं विचारलं, "तसं झालं तर? एकानं घेतलं आणि आळ भलत्यावर आला तर? मग परत कुणाला द्यायचं?"

"दोघांना," मी म्हणालो. "ज्याचं घेतलं त्याला, आणि ज्याच्यावर आळ आला त्यालाही."

"आणि ज्यानं आळ घेतला, त्याचं काही देणं नाही?"

मी जरा अडखळलो. म्हणालो, "त्याचंही आहेच की. खोटा आळ म्हणजे दुसऱ्याचं चांगलं नाव काढून घेणं. तेही परत करावं लागतं."

नर्सबाई माझ्याकडे असं बघत होत्या, जसं पेशंटला ताप आहे आणि त्याला ठाऊक नाही असं नर्स बघते. सूनबाई मध्येच उठून गेली. उद्या मी स्वतः तिच्या दुकानात जाणार. मालकाला दोन शब्द सांगायला घरचं वडीलधारं माणूस नको?

१८ सप्टेंबर, गुरुवार

चष्म्याच्या दुकानात गेलो. सूनबाई मागच्या खोलीत माल लावत होती. मालकाला बाजूला घेऊन म्हणालो, "पोरीच्या हातून काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या."

"चुकलं? अहो काका, तिच्या हातून फ्रेमचा स्क्रूसुद्धा हरवत नाही."

मग ते म्हणाले, आलातच आहात तर बसा. एक डोळा झाकायला सांगितला आणि म्हणाले, "माझ्या नाकाकडे बघा. माझं बोट बाजूनं आत येईल, दिसलं की सांगा." उजवीकडून बोट लगेच आलं. डावीकडून बराच वेळ आलंच नाही. मला वाटलं, त्यांचा हात दुखत असेल. दुसरा डोळा झाकला, तरी तेच. मग एकदम नाकाजवळच बोट दिसलं.

मालक हळू आवाजात म्हणाले, "काका, उन्हाळ्यात सूनबाईंनी हीच तपासणी केली होती ना? मोठ्या डॉक्टरांकडे जायचं सांगितलं होतं. सायकल चालवू नका म्हणूनही सांगितलं होतं."

सांगितलं होतं खरं. गच्चीवर वाळलेले कपडे काढता काढता ती काहीतरी डाव्या बाजूचं सांगत होती, आणि सूर्य मावळत होता, आणि मला सातवीतली कविता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत न अडखळता आठवली होती. 'जाऊ की,' म्हणालो होतो मी.

पण मग दुकानात जर काही घडलेलंच नाही, तर पोरीला खातंय तरी काय?

२० सप्टेंबर, शनिवार

सकाळी बाहेर आलो तर सूनबाई सायकलीपाशी उकिडवी बसलेली. केस विंचरलेले नाहीत.

"अरे वा, हवा भरतेस?"

"नाही बाबा. आज सोडली नाही. आधी सांगायचं होतं."

"काय सोडली नाहीस?"

"हवा."

मला अजूनही कळलं नाही. हे लिहून ठेवतो, कारण नंतर मी स्वतःलाच शहाणा समजायला लागेन. तिनं व्हॉल्व्हचा नट दोन बोटांत धरून दाखवला. बोटं काळी झाली.

"अर्धा आटा सैल करायचा. तुम्ही आंघोळीला गेलात की. दोन महिने झाले."

"रोज?"

"नाही. ज्या दिवशी उठल्या उठल्या टोपी शोधायला लागलात, त्या दिवशी. त्या शुक्रवारी मला लवकर जायचं होतं, राहून गेलं. आणि नेमकी त्याच दिवशी दूधगाडी." तिला रडू आलं, पण तिनं ते थांबवलं. "सांगितलं तर तुम्ही ऐकणार नव्हतात. नाही सांगितलं तर ऐकायची गरजच नव्हती. मला ते सोपं वाटलं. मग तुम्ही हवालदारकाकांना बोललात ते इस्त्रीवाल्याकडून कळलं. तेव्हापासून माझ्या घशाखाली अन्न उतरत नाही."

मी म्हणालो, "तुला मी लहान मूल वाटलो?"

"नाही. लहान मूल असतात तर दटावलं असतं. तुम्ही बाबा आहात. दटावताही येईना, बघवतही नव्हतं."

 ती उभी राहिली, ओढणीला बोटं पुसली. "तुम्ही शिकवलंत तसं करते आहे. कबूल केलं. आता घेतलेल्या सगळ्या फेऱ्या परत. वर पाचवा हिस्सा. जा तुम्ही, मी अडवणार नाही. पण बाबा, तुम्हाला काही झालं तर तो पाचवा हिस्सा मी कुणाच्या हातात देऊ?"

मी आत निघून आलो. 

२१ सप्टेंबर, रविवार

चर्चला गेलो नाही. रागावलो आहे. कुणावर ते ठरत नाही.

आमची ही आज हयात असती तर तिनं सुनेचीच बाजू घेतली असती. मी तापात कामावर निघालो की ही माझ्या चपला लपवायची. मी अनवाणी घरभर हिंडायचो आणि आम्ही दोघंही हसायचो. मग आता हसू का येत नाही? दुपारभर विचार केला. तेव्हा ही पदर कमरेला खोचून समोर उभी राहायची आणि म्हणायची, "हो, मीच लपवल्या. काय करायचं ते करा." भांडायला समोर माणूस होतं. गेले दोन महिने माझ्यासमोर नुसता एक नट होता.

आणि त्या नटापायी मी ज्याला साहेब म्हणायला लावलं, तो माणूस टपरीत बसलेला आहे. बुधवारी खोटा आळ, दुसऱ्याचं नाव, असं सगळं मीच बडबडलो. कुणाचं नाव? कुणी घेतलं? नर्सबाईंना ठाऊक होतं. बहुतेक सगळ्या खोलीलाच ठाऊक होतं.

संध्याकाळी सूनबाईनं ताट वाढलं. मी म्हणालो, "मंगळवारी टपरीवर गर्दी असते ना?"

"असते."

"तेव्हा जाऊ. दोघं."

२३ सप्टेंबर, मंगळवार

गर्दी होती. इस्त्रीवाला होता, चहावाले होते. त्या दिवशी होते जवळजवळ तेवढे सगळे. हवालदार पालथ्या सायकलीची चेन चढवत होता. त्यानं मान वर केली नाही.

घरून मी तीन वाक्यं पाठ करून आणली होती. कविता पाठ करतो तशी. तिथं एकही आठवलं नाही. म्हणालो, "त्या दिवशी मी जे बोललो ते खोटं होतं. तू नट सैल सोडला नव्हतास. तू प्रामाणिक आहेस हे मला तीस वर्षं ठाऊक होतं आणि एका सकाळीत मी विसरलो. ज्यांनी ऐकलं त्यांनी हेही ऐकावं."

सूनबाई म्हणाली, "आणि नट मी सैल करत होते, काका."

हवालदार चेनीकडे बघतच म्हणाला, "ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?" मी.

"नटावर बोटाचा ठसा होता. एवढासा. बाईमाणसाचा. तुझ्या घरात बाईमाणूस एकच."

"मग बोलला का नाहीस? मी तुला चोर म्हटलं तरी गप्प राहिलास?"

आता त्यानं मान वर केली. "काय बोलू, मीटर? 'मी नाही, तुझी सून' असं म्हणू? चार लोकांत? माझं नाव गेलं तर टपरीवरचं गेलं. तुझ्या घरातलं गेलं असतं तर तुला भाजी कुणी वाढली असती? मी?"

त्यानं मीटर म्हटलं एवढंच मला ऐकू आलं. मी डोळे पुसले. इस्त्रीवाल्यानं आपल्या बाकड्यावरचा घडी केलेला शर्ट पुढे केला. "याला पुसा. तुमच्या भांडणात करपलेला तोच आहे. आता मी गिऱ्हाइकाकडे कबुली कशी द्यायची?"

सगळे हसले, तशी सूनबाईनं नियम सांगितला. घेतलेलं पुरतं परत, वर पाचवा हिस्सा. हवालदाराला तो फार आवडला. "झकास कायदा आहे. म्हणजे मीटरनं मला चोर म्हटलं, त्याची भरपाई तो सगळ्यांपुढे मला साव म्हणून करणार. झाली. आणि वर पाचवा हिस्सा म्हणून?"

"सांग. मागशील ते."

"महिनाभर माझ्या टपरीवर एकही कविता म्हणायची नाही."

शिक्षा कडक आहे, पण मान्य केली. मग त्यानं दुसरा निवाडा दिला. सूनबाईनं माझ्या फेऱ्या परत करायच्या आणि दर पाच फेऱ्यांवर एक जास्तीची द्यायची. पण प्रत्येक फेरीत तिनं माझ्या डाव्या अंगाला राहायचं, दुसऱ्या सायकलवर. सायकल तो देणार.

"काका, मला सायकल येत नाही," सूनबाई म्हणाली.

"तीस वर्षं मलाही वाटत होतं, की मीटरला माफी मागता येत नाही."

२८ सप्टेंबर, रविवार

चर्चच्या मागच्या मैदानात शिकवणी. मी सीट धरून मागे पळतो, हवालदार बाजूनं ओरडतो. "पुढं बघ! चाकाकडं नको! चाक कुठं जात नाही!" सूनबाई दोनदा पडली. तिसऱ्यांदा नर्सबाईंच्या अंगावर गेली. नर्सबाई म्हणाल्या, "याची भरपाई मी झोपेत घेईन."

उद्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचं आहे. मी स्वतः वेळ घेतली.

४ ऑक्टोबर, शनिवार

डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही. आहे ते थेंबांनी राखता येईल. मी विचारलं, "पाचवा हिस्सा वर मिळणार नाही ना?" त्यांना कळलं नाही. सूनबाई रडता रडता हसली.

काल पहिली फेरी झाली. कालव्याचा रस्ता, पहाटेची वेळ, गाड्या नाहीत. ती हातभर अंतरावर, दात-ओठ खात, हॅंडल गळा दाबल्यासारखं धरून.

"बाबा, डावीकडे भिंत आहे. निळी."

"बरं."

"भिंतीवर मांजर आहे. मांजर आपल्याकडे बघतंय. आता बघत नाही. आता दार आलं. दारात बाई भांडी घासतेय. तिनं हात केला."

"मलाही कर म्हणावं."

"तुम्हालाच केला, बाबा."

इतके दिवस या रस्त्याला डावी बाजूच नव्हती, हे मला काल कळलं. मी समजत होतो, जग थोडं अरुंद झालंय. म्हातारपणी होतं तसं.

१९ ऑक्टोबर, रविवार

फेऱ्या चालू आहेत. किती घेतल्या होत्या हे कुणालाच नक्की ठाऊक नाही. सूनबाई जास्त सांगते, मी कमी सांगतो. उलटा बाजार आहे. सूनबाई आता एका हातानं केस मागे सारते, एवढी तयार झाली. चिरंजीव घरी आले होते. बापाला आणि बायकोला जोडीनं सायकलवर बघून म्हणाले, "मला कुणी काही सांगणार आहे का?" आम्ही दोघं एकदम म्हणालो, "नाही!" मग मीच सगळं सांगितलं, पहिल्यापासून, नटासकट. या घरात आता गुपचूप काही नको.

आज परतताना पुलाच्या उतारावर मी वेगात होतो. सूनबाई जरा मागे राहिली. डावीकडून सायकलवर एक पोरगी आली. मला दिसली ती माझ्या चाकाला तिचं चाक घासल्यावर. दोघं पडलो नाही, एवढंच. पोरगी शाळेच्या वयाची. तिचे ओठ पांढरे पडले होते. "आजोबा, मी घंटी वाजवली होती," म्हणाली.

मी सावकाश खाली उतरलो. सूनबाई धापा टाकत पोचली. तिनं मला दटावलं नाही, 'बघा, मी म्हणत नव्हते' म्हणाली नाही. सायकली तशाच धरून आम्ही चालत घरी आलो. संध्याकाळ फार सुंदर होती, आणि मला एकही ओळ आठवली नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी सूनबाईला म्हणालो, "माझं मुद्दल फिटलं."

"नाही बाबा, अजून बऱ्याच..."

"फिटलं म्हणतो ना. येणं माझं आहे, मला ठाऊक. आता पाचवा हिस्सा तेवढा राहिला. तो मी माझ्या पद्धतीनं घेणार. चल टपरीवर."

माझी सायकल मी ढकलत नेली. हवालदाराला म्हणालो, "सीट खाली घे."

"किती?"

"हिच्या पायाला पुरेल इतकी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग सूनबाईकडे. ती म्हणाली, "बाबा, मी हे मागितलं नाही."

"म्हणूनच देतोय. मागच्या वेळी तू न विचारता घेतलीस, तेव्हा मला देताच आली नाही."

ती सीट मी नोकरीला लागलो तेव्हा बसवलेली, त्यानंतर कधी हलली नव्हती. नट गंजून सीटखालच्या दांडीशी एकजीव झाला होता. हवालदारानं तेल सोडलं, थांबला, पाना लावला, शिवी दिली, पुन्हा तेल सोडलं. इस्त्रीवाला दांडी धरायला आला. मीही पान्याला हात लावला. तिघांनी जोर केला तेव्हा कर्र्र आवाज झाला आणि सीट सुटली. दांडी बाहेर काढली, तर ती जिथपर्यंत नळीच्या आत होती तिथपर्यंतचं लोखंड अजून नव्यासारखं चकचकत होतं. मी त्याकडे जरा वेळ बघितलं. मग हवालदारानं दांडी आत ढकलली.

सूनबाई बसली. दोन्ही पाय जमिनीला टेकले. तिनं ओढणीचं टोक कमरेला खोचलं आणि मागं वळून पाहिलं.

मी कॅरिअरवर चढलो. जन्मभर पुढं बसलेला माणूस. मागं बसल्यावर पाय कुठं ठेवायचे तेच समजेना. एकदा आत घेतले, एकदा बाहेर काढले.

"पसरून ठेवा, बाबा," ती म्हणाली. "चाकात घालू नका. आणि हलू नका."

ठेवले.